चार कोपऱ्यांतली चार टिंबं

यवतमाळ
१२ जून २००५

ती. भीमराजमामा,
सप्रेम जय भीम.

फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही ‘बरं बरं, ठेव आता’ म्हणता आणि पत्राला मात्र दोन पानी उत्तर पाठवता. बातमी अशी की तुमची भाची अध्यक्ष झाली. जिल्हा वास्तुविशारद संघाची. मामीला पेढे आणायला धाडण्याआधी पुढचं वाचा. संघाचे सभासद अकरा, सभेला आले सात, त्यातले दोघे चहा पिऊन निघून गेले. पुंडलिकराव बारा वर्षं अध्यक्ष होते. ते म्हणाले, आता कुणी तरुणानं घ्यावं. सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले. मी तेवढी टेबलाकडे बघत होते, त्यामुळे माझं नाव सुचवलं गेलं.

पण घेतलंच आहे तर नुसती खुर्ची गरम करायची नाही. मामा, इथे काय चालतं ते तुम्हाला सांगितलं तर हसाल. नकाशा काढतो एक आणि सही करतो दुसरा. तालुक्याहून नकाशांची चळत येते, पुंडलिकराव क्रिकेटची मॅच बघत बघत सही ठोकतात, घडीसुद्धा उलगडत नाहीत. परवा त्यातला एक मी उलगडला. जिना वर जाऊन थेट भिंतीत शिरत होता. खाली सही, वर शिक्का, सगळं कायदेशीर.

मला तुमची शिकवण आठवली. आधी कागद पूर्ण उलगडायचा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, एकेक कोपरा वाचून झाला की तिथे पेन्सिलीचं बारीक टिंब द्यायचं. चार टिंबं पडल्याशिवाय सही नाही. शाळेचं प्रगतीपुस्तकसुद्धा तुम्ही असंच वाचायचात. मी आजही तसंच करते आणि त्याबद्दल ऑफिसात सगळे माझी टिंगल करतात.

तर पहिलं काम, न वाचता केलेल्या सह्या बंद. दुसरं, गल्लोगल्ली लागलेले ‘आर्किटेक्ट’चे बोर्ड. पदवी नाही, नोंदणी नाही आणि बोर्ड मात्र दुकानापेक्षा मोठा. आशीर्वाद द्या. रिटायर झाल्यापासून तुम्ही नुसती मेथी लावत बसलात, त्यापेक्षा मला सल्ला द्या.

तुमची
सत्यशीला

आर्णी
२१ जून २००५

चि. सत्यशीला,
जय भीम.

पेढे आणले. तुझी मामी कांता सगळ्या गल्लीला सांगून आली की पोरगी कलेक्टर झाली. मी दुरुस्ती केली नाही. हे पत्र जुन्या नकाशाच्या पाठीवर लिहितो आहे, त्याच्या छपाईतल्या अमोनियाचा वास येईल. बांधकाम खात्यात अठ्ठावीस वर्षं ट्रेसिंग केलं, आता दुसऱ्या कागदावर अक्षरच वळत नाही.

सह्यांचं तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं. न वाचता सही करणारा माणूस आणि रबरी शिक्का यांत फरक फक्त चहाचा, शिक्का चहा पीत नाही. तिथे अजिबात ढिली पडू नकोस.

मात्र नकाशे काढणाऱ्यांवर एकदम धावून जाऊ नकोस. या भागात घर कसं बांधतात ते तुला ठाऊक आहे. कापूस बरा विकला तर जोतं भरतं, पुढच्या वर्षी भिंती, त्याच्या पुढच्या वर्षी पत्रे. गेली दोन-तीन वर्षं कापसाचे हाल असे की आर्णीच्या आजूबाजूला नुसती जोतीच जोती दिसतात, त्यांवर शेळ्या बसतात. अशा माणसाला चार वर्षं टिकेल असा नकाशा लागतो, जो प्रत्येक पायरीवर थांबला तरी घरासारखा वाटेल. आमच्या गल्लीतल्या बेबीताईचंच बघ. बाई शिवणकाम करते, थोडा कापूसही पिकवते, दोन खोल्या बांधायच्या आहेत. तिच्यासाठी कुणीतरी असा नकाशा काढतो आहे की आधी मशीनची खोली उठेल, खिडकी उत्तरेला, म्हणजे सुईत दोरा ओवायला दिवसभर उजेड. कापूस ठेवायची जागा पश्चिमेच्या भिंतीला, म्हणजे उन्हाळ्यात ऊन कापूस झेलेल आणि माणसं थंड राहतील. तुमच्या पदवीवाल्यांपैकी कोण येणार आहे आर्णीला दोन खोल्यांसाठी?

असो. मेथी छान आली आहे.

भीमराज

यवतमाळ
१८ सप्टेंबर २००५

ती. मामा,
जय भीम.

उशीर झाला, रागावू नका. तुमचं पत्र सभेत वाचून दाखवलं. रबरी शिक्क्याच्या वाक्याला पुंडलिकराव सोडून सगळे हसले.

मोहीम जोरात आहे. आमचा सेक्रेटरी कपिल स्कूटरवर सगळे तालुके फिरला आणि बोर्डवाल्यांची यादी करून आला. त्रेचाळीस नावं. त्यांना छापील नोटिसा गेल्या: पंधरा दिवसांत बोर्ड उतरवा, नकाशे काढणं थांबवा, नाहीतर संघ तक्रार करील. सगळ्या नोटिसांवर एका संध्याकाळी सह्या केल्या. एकीकडे वीज येत-जात होती, दुसरीकडे कपिल आर्णी-दिग्रसच्या रस्त्यावरचे खड्डे वर्णन करून सांगत होता. हात अगदी भरून आला.

तुम्ही बेबीताईंच्या त्या नकाशाबद्दल लिहिलंत, तो माणूस हुशार दिसतो. त्याला सांगा, रीतसर कुणा आर्किटेक्टकडे नोकरी धर. डिसेंबरात संघाचा मेळावा आहे, त्यात तुमचा सत्कार ठेवते आहे, माझे पहिले गुरू म्हणून. नवा सदरा शिवून घ्या. बेबीताईंकडेच टाका.

सत्यशीला

आर्णी
९ ऑक्टोबर २००५

मा. अध्यक्ष,
जिल्हा वास्तुविशारद संघ, यवतमाळ.

आपली नोटीस क्रमांक एकतीस पोचली. आदेशाप्रमाणे बोर्ड उतरवला आहे. कळावे.

इथवर सरकारी काम झालं. आता मामा लिहितो.

बेटा, तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, त्याची आधी माफी. रिटायर झाल्यावर महिनाभर मेथी लावली. मग शेजारचे नानाजी आले, म्हणाले, गुरं बांधायची जागा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत कुठे घालू? त्यांना काढून दिलं. मग दुसरा आला. मग बेबीताई. हात शिवशिवत होते आणि लोकांना गरज होती. सहीसाठी मी पुंडलिकरावांकडेच जायचो. ते ज्या चळतीवर सह्या करतात त्यात सात-आठ नकाशे माझे असतात. भिंतीत शिरणारा जिना मात्र माझा नाही, एवढं लिहून ठेव.

आणि बोर्ड. तू दहावीच्या सुटीत पत्र्याच्या तुकड्यावर निळ्या रंगानं रंगवला होतास, ‘भीमराज, आर्किटेक्ट, आर्णी’. तेव्हा मी खात्यात ट्रेसर होतो, साहेबांच्या रेघा गिरवायचो. म्हणालो होतो, अगं मी आर्किटेक्ट नाही. तू म्हणालीस, मग मी होईन, तोवर तुम्ही व्हा. इतकी वर्षं तो मागच्या पडवीत होता. पाहुण्यांना दाखवायचो. लोक नकाशाला यायला लागले तेव्हा पुढे आणून लावला. हे चुकलंच. शिडी लावून मी स्वतः उतरवला, कांतानं शिडी धरली. ती म्हणाली, “पोरीनं रंगवलेला बोर्ड पोरीच्या कागदावरून काहून उतरवून राह्यले तुम्ही?” मी म्हणालो, “अध्यक्ष हाय ते. मामा पायला नाई, काका पायला नाई. असाच मानूस पायजे.”

खरंच सांगतो, अभिमान वाटला. नात्यागोत्याचं तोंड न बघता तू सही केलीस. एसटी स्टँडवर चार लोकांना सांगितलं. सत्काराचं मात्र राहू दे, नोटीस मिळालेल्या माणसाचा सत्कार शोभत नाही.

तुझा
मामा

यवतमाळ
१९ डिसेंबर २००५

ती. मामा,

तुमचं पत्र मिळून दोन महिने झाले. उत्तर लिहायला बसले की काहीतरी काम निघायचं.

तुम्ही स्टँडवर सांगितलेली गोष्ट कुणा वार्ताहराच्या कानावर गेली. इथल्या पेपरात चौकटीत आलं, ‘अध्यक्षांची सख्ख्या मामालाही नोटीस’. तेव्हापासून मला जो तो नमस्कार घालतो. पाच जणांनी आपण होऊन बोर्ड उतरवले. मेळाव्यात पाहुण्यांनी पंधरा मिनिटं माझ्या बाणेदारपणावर भाषण केलं. मी हार घातलेल्या अवस्थेत बसून होते. मार्चमध्ये नागपूरच्या परिषदेत याच विषयावर बोलायला बोलावलं आहे.

कर्तव्य असतं, मामा. कधी कधी कठोर व्हावं लागतं. तुम्ही समजून घेतलंत, यातच सगळं आलं.

थंडी आहे, मफलर वापरा.

सत्यशीला

आर्णी
१५ जानेवारी २००६

सत्यशीला,

मी कांतामामी. तुझ्या मामाला न सांगता लिहिते आहे. माझं अक्षर वाचायला त्रास होईल, पण तू काय सगळंच वाचतेस असं नाही.

मामा बरे आहेत. खातात, पितात, झोपतात. फक्त टेबल भिंतीला टेकवून ठेवलं आहे आणि पेन्सिली तांब्यात उभ्या करून ठेवल्यात, फुलासारख्या. दिवसभर गल्लीतल्या लोकांची दारं सरळ करून देतात. दार सरळ असलं तरी करतात. कुणी भेटलं की नोटिशीची गोष्ट सांगतात आणि सांगून झाली की पुढच्या दाराकडे वळतात.

बेबीताई तीनदा येऊन गेली. म्हणाली, “भाऊ, जोतं भरून बसली मी. आता मले नकाशा कोन देईन?” यवतमाळच्या तुझ्या संघातल्या एका साहेबाकडे तिला पाठवलं होतं. त्यानं विचारलं, बंगला किती मजली. ती परत आली. तिच्या जोत्यावर आता शेजाऱ्याच्या शेळ्या असतात.

एक विचारायचं आहे. त्या नोटिशीत तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे, ‘आपला व आमचा परिचय नसला तरी’. सातवी शिकलेल्या मला ती ओळ दिसली. ज्याच्या खांद्यावर बसून तू जत्रा बघितलीस त्याला तू असं मुद्दाम लिहिशील, हे मी मानायला तयार नाही. मग राहता राहिलं एकच. तू ती वाचली नाहीस.

मी चूक असेन तर दोन चपात्या जास्त खाईन. बरोबर असेन तर तू काय ते बघ.

कांतामामी

यवतमाळ
२ एप्रिल २००६

ती. मामा आणि मामी,
जय भीम.

मामीचं पत्र अडीच महिने पर्समध्ये घेऊन फिरते आहे. मामी, तुम्ही बरोबर आहात. चूक माझी, चपात्या मी खाते.

मामा, मी ती नोटीस वाचली नव्हती. त्रेचाळिसातली एकही वाचली नव्हती. कपिल कागद सरकवत होता, मी सह्या करत होते, आणि खड्ड्यांच्या गोष्टीवर हसत होते. तुमचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की एकतीस नंबर म्हणजे तुम्ही. तेव्हाच कळवायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या अभिमानानं लिहिलं होतंत की मला तो अभिमान सोडवेना. मग पेपरात आलं, हार आले, आणि दर हाराबरोबर खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं. तुम्हाला ‘कर्तव्य कठोर असतं’ असं लिहिलं त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी ते पत्र मी टाकलं.

नागपूरला जाऊन आले. भाषण लिहून नेलं होतं, बाणेदारपणावरचं. व्यासपीठावर कागद उलगडला तर सवयीनं बोट पहिल्या कोपऱ्याकडे गेलं. मग ते भाषण वाचता आलं नाही. तीनशे आर्किटेक्टांसमोर सांगितलं की न वाचता सही करणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली आणि मोहिमेचाच कागद न वाचता सही करून मोकळी झाले. ज्यानं वाचायला शिकवलं त्यालाच तो कागद गेला. दारातला चहावालासुद्धा कपबश्या खाली ठेवून ऐकत राहिला. शेवटी टाळ्या वाजल्या, पण मेळाव्यातल्यासारख्या नाहीत.

परत आल्यावर संघाची सभा घेतली आणि राजीनामा पुढे ठेवला. पुंडलिकराव उभे राहिले. मला वाटलं, आता हे उट्टं काढणार. ते म्हणाले, “बसा बाई. पहिल्यांदा इथं कोणी आपली चूक सांगून राह्यलं. मी बारा वर्षं नाई सांगितली.” राजीनामा परत माझ्याकडे सरकवला. मग मी दुसरा ठराव मांडला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्यातला एकेक जण तालुक्याला जाऊन बसेल. तिथे जो नकाशा काढतो त्याच्यासमोर नकाशा उलगडून वाचेल, आणि मग कागदावर दोघांची नावं येतील, काढणारा अमुक, तपासणारा तमुक. बोर्डावर ‘आर्किटेक्ट’ लिहायचं नाही, ते कायद्यानं नाहीच. पण काढणाऱ्याचं नाव कागदावरून लपवायचंही नाही. पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. पाचवं मत पुंडलिकरावांचं.

आर्णीला मी येते. मे महिन्याचा पहिला शनिवार. तुम्ही भेटणार नसाल तर बेबीताईंच्या जोत्यावर शेळ्यांबरोबर बसेन.

तुमची
सत्यशीला

आर्णी
१० एप्रिल २००६

चि. सत्यशीला,
जय भीम.

मला ठाऊक होतं.

नोटीस आली त्या दिवशी पहिल्यांदा चारी कोपरे बघितले. टिंब नव्हतं. शाळेच्या सुटीच्या अर्जालासुद्धा तू चार टिंबं द्यायचीस, आणि मामाचा बोर्ड उतरवायच्या कागदाला एकही नाही. म्हणजे तू तो कागद बघितलेलाच नाहीस, हे पोस्टमन परत गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत मला कळलं.

मग मी ती अभिमानाची गोष्ट रचली. लोक विचारणारच होते, भाचीनं मामाला नोटीस काहून दिली. ‘न वाचता सही केली’ असं कळलं असतं तर तुझी मोहीम त्याच दिवशी झोपली असती, आणि मोहीम खरी होती. म्हणून सांगत सुटलो की पोरगी कडक आहे. वार्ताहर त्यात शिरेल हे काही माझ्या नकाशात नव्हतं. तुला पत्रात तसंच लिहिलं, कारण वाटलं की तू लगेच लिहिशील, मामा, चुकलं. डिसेंबरचं तुझं पत्र वाचून मात्र वाईट वाटलं. बोर्ड उतरवताना वाटलं नव्हतं इतकं वाटलं. आता ते गेलं. तू तीनशे लोकांसमोर बोललीस हे वाचून तुझी मामी चष्मा पुसत बसली, आणि मीही काही कोरडा राहिलो नाही.

टेबल भिंतीपासून ओढलं आहे. बेबीताईचा नकाशा सोबत पाठवतो, मे महिन्याची वाट कशाला बघायची. त्यात एक चूक मुद्दाम ठेवली आहे. सापडली तरच सही कर.

मामा

यवतमाळ
२४ एप्रिल २००६

ती. मामा,

रविवारी दार लावून नकाशा उलगडला. चारी कोपऱ्यांवर वजन म्हणून मीठदाणी, स्टेपलर आणि दोन डाळिंबं ठेवली. एकदा वाचला, चहा घेतला, परत वाचला.

मशीनच्या खोलीचं दार बाहेर न उघडता आत उघडतं आणि मशीनलाच धडकतं. कापसाच्या खोलीला वरचा झरोका नाही, ऊन कापूस झेलेल हे ठीक, पण कापूस कोंदून जाईल. आणि मागची पायरी जोत्याच्या मापाशी सहा इंच जुळत नाही, बेबीताई रोज तिथे ठेचकाळतील.

मामा, या तीन झाल्या. तुम्ही एक म्हणाला होतात. कोणती मुद्दाम ठेवली होती ते कळवा. तिन्ही लाल पेन्सिलीनं दाखवल्या आहेत. चार टिंबं दिली आहेत. सही अजून केलेली नाही.

सत्यशीला

आर्णी
२९ एप्रिल २००६

चि. सत्यशीला,

दाराची मुद्दाम होती.

बाकीच्या दोन माझ्या आहेत. झरोका आणि पायरी, दोन्ही मला दिसल्या नाहीत. मघापासून टेबलाशी बसून बघतो आहे. नजर अधू झाली आहे बहुतेक, आणि इतकी वर्षं पुंडलिकराव घडी न उलगडता सही करत असल्यामुळे मला ते कधी कळलंच नाही. नानाजींच्या गोठ्याची भिंत आता जाऊन परत मोजतो.

दुरुस्त करून नकाशा पाठवला आहे. कोपऱ्यात नाव टाकायला सांगितलंस ते टाकलं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर रेघा मारल्या, स्वतःचं नाव पहिल्यांदाच लिहिलं. त्याच्याखाली तुझ्यासाठी जागा सोडली आहे. शनिवारी सकाळच्या गाडीनं ये, बेबीताईनं शेळ्या आत्तापासूनच हाकलल्या आहेत.

मामा